ज्वालामुखीची राख, नैसर्गिक किरणोत्सर्ग आणि वैद्याचा शब्द

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरच्या आठवड्यात टेंभुर्णी येथील आमच्या चिकित्सालयात एकाच आठवड्याच्या आत दोन रुग्णांनी आम्हांस दोन प्रश्न विचारले. त्या महिन्याच्या २३ तारखेस इथिओपियातील हायली गुब्बी या ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता. त्याची राख तांबडा समुद्र व अरबस्तान ओलांडून पश्चिम आणि उत्तर भारताच्या आकाशातून गेली, काही विमानांची उड्डाणे रद्द झाली आणि दूरचित्रवाणीवर दिवसभर तीच वार्ता होती. ऊस तोडणीच्या कामावरून आलेल्या एका रुग्णाने नाडी दाखविता दाखविता विचारले, "डॉक्टर, ती राख आपल्याकडं पडंल का? तिच्यात किरणं असत्यात म्हणं. कॅन्सर होतो का त्यानं?"

तीन दिवसांनी एक निवृत्त गृहस्थ आले. त्यांच्या गळ्यात काळसर रंगाचे, गोल, रुपयाहून थोडे मोठे लॉकेट होते. "हे ज्वालामुखीच्या लाव्ह्याचं आहे डॉक्टर. यातून ऊर्जा निघते, मोबाइलच्या किरणांपासून संरक्षण होतं. छातीवर ठेवावं की पोटावर?" असा त्यांचा प्रश्न होता.

एकास आकाशातील राखेचे भय वाटत होते, दुसऱ्याने तिच्याच जातीचा म्हणून विकलेला पदार्थ श्रद्धेने हृदयावर धारण केला होता. दोघांनाही वैद्याचा शब्द हवा होता. आकाशातील राखेविषयीचे भय बहुतांशी निराधार आहे आणि गळ्यातील लॉकेटविषयीचा विश्वास सर्वस्वी निराधार आहे, असे आमचे मत आहे. त्याची कारणमीमांसा येथे करीत आहोत. त्यात आमच्या स्वतःच्या एका चुकीची कबुलीही आहे.

भीमेच्या खोऱ्यातील जुनी राख

ज्वालामुखीची राख ही आपल्या भागास नवी नाही, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसेल. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी हे गाव आहे. तेथे नदीच्या जुन्या गाळात पांढुरक्या राखेचा थर सापडतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८० च्या दशकापासून त्याचा अभ्यास केला. असाच थर बारामती तालुक्यात मोरगावजवळ कऱ्हा नदीच्या काठी आहे. ही राख आपल्या सह्याद्रीची नव्हे. आपला काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, तर ही राख इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी तेथे महास्फोट झाला आणि तीन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापून राख आपल्या नद्यांच्या खोऱ्यांत येऊन पडली.

कुकडी घोडनदीस मिळते, घोड भीमेस मिळते आणि भीमेचे पाणी उजनीच्या जलाशयात येते. कऱ्हा नीरेस मिळते आणि नीरा-भीमेचा संगम नृसिंहपूरला होतो. उजनी धरण व नृसिंहपूर ही दोन्ही स्थाने टेंभुर्णीकरांच्या नित्य जाण्यायेण्यातील आहेत. म्हणजे ज्या दोन खोऱ्यांत टोबाची राख पडली, त्या दोन्ही खोऱ्यांचे पाणी आपल्या अंगणाजवळून वाहते. त्या राखेचे काही कण गेली हजारो वर्षे येथील गाळात मिसळत आले असणार, हे उघड आहे.

या राखेच्या वयाविषयी विद्वानांत दीर्घकाळ वाद चालला. काही मापनांत बोरीच्या राखेचे वय लक्षावधी वर्षे आले, तर राखेतील काचकणांच्या रासायनिक घटनेवरून ती ७४-७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची असल्याचे इतरांनी मांडले. २०१४ साली एकेका काचकणाचे पृथक्करण करून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या दुसऱ्या मतास बळकटी दिली. वैद्यांच्या दृष्टीने यातील लक्षणीय भाग असा की, राखेचे वय मोजण्याची एक प्रमुख रीत तिच्यातील किरणोत्सर्गावरच आधारलेली आहे. राखेतील पोटॅशियम-४० या किरणोत्सर्गी द्रव्याचे फार सावकाश आर्गॉन वायूत रूपांतर होते आणि साचलेल्या आर्गॉनवरून काळ मोजतात. पोटॅशियम-४० निम्मे होण्यास सुमारे सव्वाशे कोटी वर्षे लागतात. राखेत किरणोत्सर्ग आहे, ही रुग्णाने ऐकलेली गोष्ट म्हणून खोटी नाही. प्रश्न मात्रेचा आहे.

मात्रेचा हिशेब

पृथ्वीवरील प्रत्येक माती-दगडात युरेनियम, थोरियम व पोटॅशियम-४० ही तीन नैसर्गिक किरणोत्सर्गी द्रव्ये थोड्याफार प्रमाणात असतात. दख्खनच्या काळ्या कातळात ती ग्रॅनाइटच्या मानाने पुष्कळ कमी आहेत. त्यामुळे आपला प्रदेश जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सर्गाच्या दृष्टीने देशातील सौम्य प्रदेशांपैकी गणला जातो. टोबाची राख मात्र वेगळ्या जातीची, ग्रॅनाइटच्या जवळची आहे. तिच्या काचकणांत पोटॅशियमचे ऑक्साइड सुमारे ५ टक्के असते. त्यावरून हिशेब केल्यास एक किलो राखेत पोटॅशियम-४० चे सुमारे १२०० ते १३०० बेक्वेरेल येतात. जगातील सर्वसाधारण मातीत हे प्रमाण ४०० बेक्वेरेलच्या आसपास असते. (एक बेक्वेरेल म्हणजे सेकंदास एका अणूचे विघटन.)

तिप्पट हा आकडा ऐकून दचकण्याचे कारण नाही. आपल्या स्वतःच्या शरीरात, मांस व रक्त यांतील पोटॅशियममुळे, पोटॅशियम-४० चे चार हजारांहून अधिक बेक्वेरेल आयुष्यभर नांदत असतात. आता अतिशयोक्तीने असे समजू की, एखाद्या मनुष्याने वर्षभर दर घनमीटर हवेत एक मिलिग्रॅम शुद्ध राख असलेल्या वातावरणात श्वास घेतला. दिवसास वीस घनमीटर हवा धरल्यास वर्षात सात ग्रॅमांच्या आसपास राख शरीरात जाईल आणि तिच्यातील पोटॅशियम-४० चे प्रमाण नऊ बेक्वेरेलांच्या घरात असेल. युरेनियम व थोरियम यांचे कण फुप्फुसात अधिक बाधक असतात हे खरे, परंतु त्यांचा हिशेब धरला तरी एकूण मात्रा वार्षिक नैसर्गिक मात्रेचा अल्प अंशच ठरते.

ही वार्षिक नैसर्गिक मात्रा किती? संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीच्या २००८ च्या अहवालानुसार जगातील मनुष्यास निसर्गाकडून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. तिचा निम्म्याहून अधिक भाग जमिनीतून झिरपणाऱ्या रेडॉन वायूचा व त्याच्या सोबत्यांचा असतो. उरलेला भाग आकाशातील विश्वकिरण, जमीन आणि अन्न-पाणी यांतून येतो. तुलनेसाठी सांगावयाचे तर छातीच्या एका साध्या क्ष-किरण चित्रास सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी मात्रा लागते, तर छातीच्या सी.टी. स्कॅनला कित्येक मिलिसिव्हर्ट लागतात. राखेच्या भयाने बेचैन झालेला रुग्ण पुष्कळदा स्वतः होऊन सी.टी. स्कॅनचा आग्रह धरतो, हेही येथे ध्यानात घ्यावे.

नैसर्गिक किरणोत्सर्ग अधिक असलेल्या भूमीवर माणसे पिढ्यान् पिढ्या राहतात, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. केरळातील करुनागपल्ली येथील किनाऱ्याच्या वाळूत मोनाझाइट हे थोरियमयुक्त खनिज आहे. तेथे काही ठिकाणी घराबाहेरील मात्रा वर्षाला ७० मिलिग्रेपर्यंत जाते. तिरुवनंतपुरमच्या विभागीय कर्करोग केंद्राने तेथील सुमारे सत्तर हजार रहिवाशांचा सरासरी दहा वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात भूमीच्या किरणोत्सर्गाबरोबर कर्करोगाचे प्रमाण वाढत असल्याचे आढळले नाही. याचा अर्थ किरणोत्सर्ग निर्धोक आहे असा कोणी काढू नये. भूमीतून संथपणे मिळणाऱ्या मात्रेचा परिणाम असलाच, तर तो एवढ्या मोठ्या पाहणीतही दिसू नये इतका सूक्ष्म आहे, एवढेच त्यातून म्हणता येते.

खरा हेतू : रज

मग राख निरुपद्रवी आहे काय? मुळीच नाही. वरील हिशेबात दर घनमीटरला एक मिलिग्रॅम धूळ धरली. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकानुसार दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांची चोवीस तासांची मर्यादा दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे किरणोत्सर्गाची नगण्य मात्रा पोचण्यासाठी जी धूळ लागेल, ती मर्यादेच्या दहापट होते. तेवढ्या धुळीत वर्षभर राहणाऱ्याचे फुप्फुस किरणांची वाट न पाहता धुळीनेच दूषित होईल.

ज्वालामुखीच्या राखेचे कण काचेसारखे धारदार असतात. काही उद्रेकांच्या राखेत स्फटिकरूप सिलिका असते. वेस्ट इंडीजमधील माँटसेराट बेटावर १९९५ पासून झालेल्या उद्रेकांच्या राखेत क्रिस्टोबलाइट हा सिलिकेचा घातक प्रकार लक्षणीय प्रमाणात आढळला आणि तेथील आरोग्यविषयक काळजी मुख्यतः त्याचीच घेतली गेली. चरकसंहितेतील हिक्का-श्वासाच्या हेतूंत रज आणि धूम यांची गणना आहे, ती येथे शब्दशः लागू पडते.

आपल्या भागात आकाशातून राख पडण्याचा प्रसंग दुर्मीळ. खडी क्रशर, वीटभट्टी, मळणीयंत्र, कारखान्याच्या बॉयलरमधील बगॅसची राख, फरशी-टाइल कापण्याचे काम, हे रज मात्र नित्याचे आहे. आमच्याकडे आलेला ऊस तोडणीचा तो रुग्ण हंगाम नसताना टाइल कापण्याच्या कामावर जातो, हे त्यास दोन वेळा खोदून विचारल्यावर कळले. सहा महिन्यांपासून त्याला कोरडा कास होता. आकाशातल्या राखेविषयी तो विचारीत होता, पण रोज तोंडासमोर उडणाऱ्या पांढऱ्या भुकटीविषयी त्याच्या मनात शंकाही नव्हती. आम्ही त्यास छातीचे क्ष-किरण चित्र व थुंकीची तपासणी करण्यास पाठविले, कारण सिलिकेने दूषित झालेल्या फुप्फुसात क्षयाचा शिरकाव सुलभ होतो. केवळ तमकश्वास म्हणून औषधयोजना करीत राहणे हा अशा रुग्णावर अन्याय ठरतो.

गळ्यातील राख आणि आमची चूक

आता लॉकेटकडे येऊ. अशी लॉकेटे, कडी व पट्टे "लाव्ह्याचे", "ज्वालामुखीच्या राखेचे" किंवा "निगेटिव्ह आयन" देणारे म्हणून साखळी पद्धतीच्या विक्रीतून गावोगाव पोचले. यांतील अनेक वस्तूंत खरोखरच थोरियम व युरेनियम असलेल्या खनिजाची भुकटी मिसळलेली असते. विक्रेता उपकरण लावून "आयन निघतात" असे दाखवितो, तेव्हा पुष्कळदा ते आयन म्हणजे किरणोत्सर्गाने हवेच्या कणांवर केलेला आघात असतो. किरणांपासून संरक्षण म्हणून घेतलेली वस्तू स्वतःच किरणे टाकीत असते. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने अशा दहा वस्तूंवर बंदी घातली. मात्रा अल्प असली तरी दीर्घकाळ अंगावर धारण केल्यास त्वचेस इजा संभवते, म्हणून या वस्तू वापरू नयेत, असे त्यांनी जाहीर केले.

बोरीचा थर आणि लॉकेट यांतील भेद येथे स्पष्ट होतो. नदीकाठच्या राखेतील द्रव्य तुलनेने विरळ असते, ती आपल्यापासून दूर असते आणि तिच्या किरणांपैकी बरीचशी मातीतच शोषली जातात. लॉकेटमध्ये द्रव्य निवडून घट्ट केलेले असते, ते त्वचेस चिकटलेले असते आणि रात्रंदिवस, वर्षानुवर्षे तेथेच राहते. द्रव्याची सांद्रता, अंतर आणि काल, या तिन्ही बाबी बदलल्या की परिणाम बदलतो.

हे आम्हांस प्रथमपासून ठाऊक होते असे नाही. सुमारे २०१३ साली महामार्गावरील एका हॉटेलात झालेल्या सभेत आम्ही गेलो होतो. पाण्याच्या चवीचे व हाताच्या ताकदीचे प्रयोग दाखविले गेले. आम्हांस एक लॉकेट भेट मिळाले आणि ते आम्ही गळ्यात घातले. आम्ही ते कोणास विकले नाही, कोणास घ्या असेही म्हटले नाही, म्हणून आपण निर्दोष आहोत अशी आमची समजूत होती.

त्या वेळी आमवाताची एक रुग्णा आमच्याकडे येत असे. औषधाने तिला उतार पडत होता. मध्येच ती येईनाशी झाली. चार-पाच महिन्यांनी आली तेव्हा दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजून वाकडे होऊ लागले होते. गळ्यात आमच्यासारखेच लॉकेट होते. एक शेळी विकून तिच्या मालकाने ते आणले होते आणि हे असताना औषध कशाला, असे विक्रेत्याने सांगितल्यावरून तिने औषध थांबविले होते. आम्ही रागावून विचारले, "हे घ्यायला कोणी सांगितलं?" ती निरागसपणे म्हणाली, "डॉक्टर, तुमच्या गळ्यात बघितलं म्हणून तर घेतलं की."

त्या सांध्यांचा वक्रपणा पूर्णपणे गेला नाही. आम्ही त्याच दिवशी लॉकेट काढून टेबलाच्या खणात टाकले, परंतु का काढले हे इतर रुग्णांस सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. ते निरुपयोगी आहे एवढेच तेव्हा आमच्या मनात होते. नेदरलँड्समधील वृत्त वाचल्यावर मात्र परिचयातील पदार्थविज्ञानाच्या एका प्राध्यापकांकडून आम्ही ते गायगर गणकाने तपासून घेतले. नळी लॉकेटजवळ नेताच मंद टिकटिक भरभर होऊ लागली. ज्या खणाशेजारी बसून आम्ही आठ वर्षे रुग्ण तपासले, तो खण त्या क्षणी आम्हांस परका वाटला. यातून मिळालेली मात्रा फार मोठी नव्हती, हे आम्ही जाणतो. तथापि त्या रुग्णेची शेळी, तिचे ते चार महिने आणि तिची बोटे यांचा हिशेब मिलिसिव्हर्टमध्ये होत नाही.

शास्त्रदृष्टीचा आधार आणि त्याची मर्यादा

आपल्या शास्त्रात मणिधारणाचा उल्लेख आहे आणि अशा वस्तूंचे विक्रेते वैद्यांकडे येताना त्याचाच आधार घेतात. परंतु शास्त्रातील कोणतेही द्रव्य परीक्षेशिवाय स्वीकारलेले नाही. रसशास्त्रात पारद, वत्सनाभ, हरताळ यांचे शोधन केल्याशिवाय उपयोग नाही. ज्या द्रव्याचे नाव, उत्पत्ती व घटक विक्रेताच सांगू शकत नाही, ते केवळ "नैसर्गिक" या एका शब्दावर गळ्यात बांधणे हे शास्त्रास धरून नाही. वत्सनाभही नैसर्गिकच आहे.

दुसऱ्या बाजूस काही वैद्यबंधू किरणोत्सर्गास दूषीविष म्हणतात आणि त्यावर शोधनचिकित्सा सुचवितात. शरीरात दीर्घकाळ राहून कालांतराने प्रकट होणारे मंदवीर्य विष, हे साम्य विचारास चालना देणारे आहे. परंतु उपमा म्हणजे सिद्धान्त नव्हे. मातीच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाने दूषित झालो या भयाने आलेल्या निरोगी मनुष्यास "किरणविष काढण्यासाठी" म्हणून पंचकर्माचा खर्च करावयास लावणे आणि लॉकेट विकणे, यांत आम्हांस तत्त्वतः अंतर दिसत नाही. दोन्ही ठिकाणी भयाचा व्यापार होतो.

व्यवहारात काय करावे

वैद्यबंधू-भगिनींनी पुढील गोष्टी आपल्या चिकित्सालयात अवलंबाव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे.

१. कास-श्वासाच्या प्रत्येक रुग्णास आजचा व पूर्वीचा व्यवसाय विचारावा. "शेती" या उत्तरावर थांबू नये, हंगाम नसताना काय करता हेही विचारावे.

२. धुळीचे काम करणाऱ्यास पाणी मारून दगड-टाइल कापण्याचा व योग्य मास्कचा आग्रह धरावा. तोंडाला बांधलेला रुमाल सूक्ष्म कण अडवीत नाही. वजन घटणे, सायंकाळचा ज्वर, रक्तष्ठीवन असल्यास क्षयाची तपासणी विनाविलंब करावी.

३. घरातील रेडॉनवर सोपा उपाय म्हणजे वायुवीजन. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जमिनीच्या भेगा बुजवाव्यात. धूम्रपान करणाऱ्यास रेडॉन अधिक बाधतो, म्हणून विडी-सिगारेट सोडविणे हे येथेही प्रथम कर्तव्य ठरते.

४. "ऊर्जा" देणारे लॉकेट, कडे वा पट्टा रुग्णाच्या अंगावर दिसल्यास तो काढून ठेवण्यास सांगावे. ती वस्तू फोडू, घासू वा जाळू नये, तिची भुकटी करू नये. ती पाण्यात ठेवून ते पाणी पिण्याची प्रथा तत्काळ थांबवावी. डबीत घालून माणसांच्या वावरापासून दूर ठेवावी, लहान मुलांच्या हाती देऊ नये.

५. लॉकेट घातले म्हणून कोणते औषध बंद केले आहे काय, हे आवर्जून विचारावे. मधुमेह, रक्तदाब व आमवाताच्या रुग्णांत हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

६. आपल्या स्वतःच्या गळ्यात, मनगटावर व टेबलावर काय आहे ते पाहावे. रुग्ण ते पाहत असतो.

त्या निवृत्त गृहस्थांनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. आम्ही लपविलेली गोष्टही त्यांना सांगितली. त्यांनी लॉकेट काढून टेबलावर ठेवले आणि विचारले, "मग इतकी वर्षं तुम्ही हे बोलला का नाहीत?" या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून हा लेख लिहिला आहे.